गाव मिरचीला जातं तेव्हा तलावाचं काय होतं?

प्रश्न : आमचं गाव देसाईगंज तालुक्यात, वडशापासून जवळच. संक्रांत झाली की निम्मं गाव मिरची तोडायला तेलंगणात जातं. शिकलेली पोरं नागपूर-पुण्याला लागली आहेत. जंगलाच्या कडेच्या बांध्या काही वर्षांपासून पडीत आहेत. माझा मुलगा म्हणतो, बरंच झालं, जमिनीला विसावा मिळतो, तिथे झाडं वाढतील, हवामान बदलावर तोच उपाय आहे. माझे सासरे म्हणतात, गाव बसलं. दोघांत बरोबर कोण? — एक वाचिका, ता. देसाईगंज

उत्तर : मुलगा आणि सासरे, दोघंही पडीत बांधीकडे बोट दाखवून बोलताहेत. पडीत डोळ्यांना दिसते, म्हणून वाद तिच्यावरून होतो. तुमच्या पत्रातला मला महत्त्वाचा वाटलेला शब्द मात्र ‘संक्रांत’ हा आहे. गाव किती रिकामं होतं याच्याइतकंच ते कोणत्या महिन्यांत रिकामं होतं हे पाहायला हवं.

झाडीपट्टीचं वर्ष धानावर चालतं. मृगात पऱ्हे टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये रोवणा, दिवाळीच्या आगेमागे हलका धान कापायचा, भारी धान नोव्हेंबरच्या शेवटापर्यंत. मग कडपा वाळवा, पुंजणे रचा, मळणी करा, धान खरेदी केंद्रावर नाहीतर व्यापाऱ्याकडे घाला. हे सगळं आटोपता आटोपता जानेवारी उजाडतो. खम्मम-वरंगलकडची मिरची नेमकी तेव्हाच तोडणीला येते. बल्लारशाकडे जाणारी गाडी वडशाहून मिळते, नाहीतर मुकादमाचं वाहन थेट दारात येतं. काही घरं मोहफुलापर्यंत परततात, बाकीची मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या आधी. येताना हातात एकरकमी पैसा असतो आणि पुष्कळांच्या सोबत वर्षभर पुरेल एवढी मिरचीही. त्याच पैशातून बियाणं, खत, सोसायटीचा हप्ता आणि एखादं लग्न निभावतं.

म्हणजे मिरचीचं स्थलांतर खरिपाला जवळजवळ धक्का लावत नाही. पीक काढून गेलेला माणूस पेरणीपूर्वी परत येतो. म्हणूनच सरकारी कागदांत त्याचा शेतीवर काही परिणाम दिसत नाही. पण जानेवारी ते मे या काळात या भागातला शेतकरी पूर्वी हात बांधून बसत नव्हता. तलाव आटला की गाळ काढून तो बैलबंडीने शेतात टाकायचा, पाळीवरची झुडपं तोडायची, फुटलेले धुरे बांधायचे, बोडी खोल करायची, पाट मोकळे करायचे, बांधीची मजगी करायची ही कामं त्याच दिवसांतली. जंगलात वणवा लागला तर विझवायलाही माणसं गावातच असायची. पावसाळा सोसण्याची सगळी तयारी उन्हाळ्यात व्हायची, आणि आता उन्हाळ्यात गाव खम्ममला असतं.

आता हवामानाकडे येऊ. आपल्याकडे पाऊस कमी पडतो अशी तक्रार सहसा नसते. वर्षाला तेराशे-चौदाशे मिलिमीटर पडणारा मुलूख आहे हा. तक्रार आहे ती त्याच्या वागण्याची. पऱ्हे हातभर वाढले तरी रोवण्याजोगं पाणी नाही, मग चार दिवसांत महिन्याचा पाऊस, मग ऑगस्टमध्ये दडी, आणि कडपा शेतात पडल्या असताना नोव्हेंबरात सरी. अशा पावसाला धानाच्या मुलखात एकच जुनं उत्तर आहे : पाणी आलं की अडवा आणि दडीच्या वेळी सोडा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतले साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव त्याचसाठी आहेत. शेतातली बोडी म्हणजे त्याच विचाराचं एका घरापुरतं रूप. पऱ्हे मरायला टेकले असताना आठ-दहा दिवसांचं पाणी कुठून तरी मिळालं तर हंगाम वाचतो. हे पाणी गाळ आणि बेशरमीच्या झुडपांनी भरलेल्या तलावात मावत नाही.

इथे सासऱ्यांनाही एक गोष्ट सांगायला हवी. तलावांची दुर्दशा मिरचीने केलेली नाही. 1950च्या कायद्याने मालगुजारी संपली, 1951मध्ये तलाव सरकारच्या ताब्यात गेले आणि गावाचा त्यांच्यावरचा हात तेव्हाच सैल झाला. निस्तार हक्क कागदावर राहिले, पण पाळ कोणी बांधायची आणि पाणी कोणी सोडायचं ही जुनी व्यवस्था विस्कटली. मालगुजारी काही सोन्याचं युग नव्हतं. पाळीवर राबणाऱ्यांत वेठबिगारही होती, हे विसरून चालणार नाही. पण मालगुजार गेला आणि त्याच्या जागी ग्रामसभा न येता खातं आलं. माणसं बाहेर जाऊ लागली ती या पोकळीनंतर, आणि त्यांच्या जाण्याने ती पोकळी पक्की झाली.

दुसरं स्थलांतर तुमच्या शिकलेल्या पोरांचं. ते वर्षभराचं आहे, म्हणून त्याचा घाव खरिपावर पडतो, आणि तोही एका आठवड्यात. पाऊस लांबला की सगळ्या शिवाराला एकाच वेळी रोवणा करायचा असतो. हलक्या धानाचे पऱ्हे तीन-साडेतीन आठवड्यांचे असताना रोवले तर फुटवे चांगले येतात, जून पऱ्ह्यांना ते येत नाहीत. त्या आठवड्यात बाया मिळवायला मालक गावोगाव हिंडतात, गुत्त्याचा दर रोज चढतो. ज्याच्या घरात चार हात आहेत तो वेळेवर रोवतो. ज्याची पोरं पुण्यात आहेत तो थांबतो, आणि पुढच्या वर्षी आवत्या टाकतो.

आवत्या म्हणजे थेट पेरणी. तिला मी नावं ठेवणार नाही. चिखलणी नाही, पऱ्हे नाहीत, पाणी कमी लागतं, पीक थोडं लवकर येतं. तुंबलेल्या बांधीतून मिथेन निघतो आणि तो हवा तापवणाऱ्या वायूंपैकी आहे. पेरधानात तो कमी निघतो. तुमच्या मुलाला या मुद्द्यावर गुण द्यावे लागतील. पण आवत्यात तण माजतं. निंदायला माणसं नाहीत म्हणूनच आवत्या टाकलेला, मग उरतं तणनाशक. शिवाय बांधीत पाणी उभं ठेवायचं नाही म्हटलं की धुऱ्याची काळजी सुटते. एकाने धुरा सोडला की त्याचं पाणी खालच्याच्या बांधीत, त्याचं त्याच्या खालच्याच्या. जोराच्या पावसात हे धुरे शिवारभर पाणी थोपवून धरत होते. पेरणीची पद्धत जो तो आपापली बदलतो, परिणाम मात्र सगळ्या उताराला भोगावा लागतो.

कापणीला हार्वेस्टर आला, तोही माणसं नाहीत म्हणूनच. त्यामागून काय काय गेलं ते पाहण्यासारखं आहे. आपल्याकडे धान कापायच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात लाखोळी, जवस, हरभरा फेकायची रीत होती, तिला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, पाणी नाही. धान निघाला की खालून लाखोळी वर आलेली असायची. ओलीचा शेवटचा थेंब वापरणारं, जमिनीला नत्र देणारं आणि घरात डाळ आणणारं हे पीक. बदलत्या हवामानासाठी कोणी नवं पीक शोधायला बसलं तर फिरून याच उतेऱ्यावर येईल. हार्वेस्टरला मात्र बांधी सुकलेली लागते आणि त्याच्या चाकाखाली कोवळी लाखोळी टिकत नाही. त्यात तणसाचे तुकडे होऊन ती शेतात विखुरते. ती गोळा करण्यापेक्षा पेटवणं सोपं वाटतं. जनावराला तणस उरत नाही, जनावर विकलं जातं, शेणखत जातं. उरलेली जनावरं राखायला गायकी मिळत नाही, म्हणून ती मोकाट सुटतात. मग ज्या एखाद्याने हिमतीने लाखोळी किंवा मूग टाकला असेल त्याचं पीक गावचीच ढोरं खातात. पुढच्या वर्षी तोही मिरचीला जातो, कारण थांबून उपयोग काय? गावात एका विशिष्ट संख्येपेक्षा कमी माणसं उरली की थांबलेल्यांना थांबणं परवडत नाही.

आणि आता ती पडीत बांधी. मुलाला वाटतं तिथे जंगल येईल. काही ठिकाणी पळस येतो, मोहाचं एखादं रोप तग धरतं. पण पहिली काही वर्षं येतो तो तरोटा आणि रायमुनिया. त्या झुडपांत रानडुकरं दिवसा दबून बसतात आणि रात्री शेजारच्या बांधीत उतरतात. शेजारी दोन वर्षं राखण करतो, मग तोही सोडतो. पडीत अशी जंगलाच्या कडेकडून गावाकडे सरकते. डुकरामागे वाघ येतो. वडसा आणि ब्रह्मपुरी वनविभागांत हे कोणाला नव्याने सांगायला नको. ऑक्टोबर 2022मध्ये वडसा भागात जेरबंद झालेल्या सीटी-1 वाघाने गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून 13 माणसं मारली होती. वाघ पडीतीमुळेच आला असं कोणी म्हणू नये. जंगलं तुटक झाली, वाघ वाढले, ही कारणं मोठी आहेत. पण वाघाच्या भीतीने आणखी बांध्या सुटल्या हे तितकंच खरं. नेपाळच्या डोंगराळ भागातही अशीच गत झाली. तरुण आखातात आणि मलेशियात गेले, पायऱ्यांची शेती सुटली, काही उतारांवर जंगल परतलं, काही पायऱ्या ढासळल्या, आणि माकडं व डुकरं गावापर्यंत आली. सोडलेली जमीन आपोआप वन होत नाही. तिचं वन व्हावं असं कोणी ठरवून, राखून केलं तरच ते होतं.

असं ठरवून केलेली उदाहरणं आपल्याच पट्ट्यात आहेत. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे अठराशे हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला आणि 2011मध्ये बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्ष हातात आला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला 2012मध्ये सुमारे हजार हेक्टरचा हक्क मिळाला. पाचगावची माणसं त्याआधी मजुरीसाठी बाहेर जात. ग्रामसभेने बांबूची तोड आणि विक्री आपल्या हाती घेतली आणि गावातच काम निघालं. मला त्यांचा आणखी एक निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. चांगली पालवी फुटावी म्हणून तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आग लावली जाते, आणि त्यात जंगलाचं नुकसान होतं, असा त्यांचा हिशेब. घरात पैसा येत होता म्हणून ते हा पैसा सोडू शकले. जंगलाचा एक तुकडा त्यांनी पूर्ण राखीवही ठेवला. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळांनी पाचगावबद्दल आवर्जून लिहिलं ते यासाठीच. तुमचा मुलगा ज्या जंगलाची आशा करतो आहे ते अशा गावांत उभं आहे, आणि तिथून माणसं गेलेली नाहीत.

तलावाच्या बाबतीत तुम्हाला फार लांब जायला नको. शेजारच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात मनीष राजनकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ढिवर समाजाबरोबर जुन्या तलावांवर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांनी बेशरम उपटली, तलावाच्या तळाशी स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावल्या, देशी मासे सोडले. कोणती वनस्पती कुठल्या खोलीत हवी आणि कोणता मासा कशात अंडी घालतो हे ज्ञान ढिवर बायांकडे होतंच. गाळ काय, पोकलेनही काढतो. 2017पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही सरकारी योजना आहे आणि तिचा उपयोगही होतो. पण यंत्र खड्डा करून निघून जातं. तलावावर ज्याचं पोट आहे तो माणूस मागे राहिला तरच पुढच्या वर्षी बेशरम पुन्हा उपटली जाते.

तर उत्तर काय? मिरचीला जाऊ नका असं सांगण्याचा अधिकार मला नाही. भूमिहीन किंवा दोन एकरवाल्या घराला ती रक्कम दुसरं कोण देणार? एकपिकी धान बुडाला तर मिरचीचा पैसा घर तारतो. हवामानाच्या लहरीवरचा तो गरिबाचा विमाच आहे. त्याचा हप्ता मात्र महाग पडतो. जानेवारी 2024मध्ये चामोर्शी तालुक्यातल्या गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि पलीकडे मिरची तोडायला निघालेल्या सहा बाया बुडाल्या. 2020च्या टाळेबंदीत तेलंगणातून रानावनातून पायी परतलेली माणसं तुमच्याही गावात असतील. लेकरांची शाळा बुडते ती वेगळीच.

माणसं येतात केव्हा हे ठाऊक आहे, तर कामं त्या दिवसांत का निघत नाहीत, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्यासारखा आहे. एप्रिलच्या मध्यापासून मृगापर्यंत, मधले तेंदूचे दिवस वगळून, महिनाभर तरी मिळतो. मजगी, बोडी, तलावाची पाळ ही रोजगार हमीत बसणारी कामं आहेत. आराखडा हिवाळ्यातच मंजूर असायला हवा आणि मजुरी वेळेवर यायला हवी. कायदा पंधरा दिवस म्हणतो, पण मजुरी रखडते तेव्हा मुकादमाची उचल जास्त भरवशाची वाटते आणि त्यात माणसाचा दोष नाही. दुसरं, जनावरं. मार्चअखेरपर्यंत मोकाट चराईला गावाने बंदी केली आणि वर्गणीतून एक गायकी ठेवला तर उतेरा परत येऊ शकतो. त्यासाठी सगळं गाव हजर असायला नको, दिवाळीनंतरच्या एका सभेत ठराव झाला तरी पुरे. तिसरं, सगळ्या शिवारात एकच वाण नको. उंच बांधीत हलका, खोलगटात भारी, असं पूर्वी होतंच. सिंदेवाहीचं भात संशोधन केंद्र तुमच्यापासून लांब नाही. आणि तुमच्या जवळच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून ‘एचएमटी’ धान तयार केला, हे विसरू नका. रोज बांधावर जाणाऱ्याच्याच नजरेला अशी लोंबी पडते. ठेक्याने दिलेल्या शेतात ती कोण पाहणार?

यातल्या कशानेही वैनगंगेचा पूर थांबणार नाही, हेही सांगून ठेवतो. ऑगस्ट 2020च्या अखेरीस पाऊस वर मध्य प्रदेशात पडला, गोसीखुर्दची दारं उघडली आणि पाणी ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीच्या शिवारात शिरलं. त्यावर गावच्या बोडीचा इलाज नाही. तो धरणांच्या विसर्गाचा आणि वेळेवर इशारा मिळण्याचा प्रश्न आहे. पण दडीने पऱ्हे करपणं हा अनुभव पुरापेक्षा कितीतरी जास्त वेळा येतो, आणि त्यावर गावाला काही करता येतं.

प्रश्न : लोक हवामान बदलामुळेच गाव सोडतात, असं अलीकडे सगळीकडे वाचतो. खरं आहे का? — एक शिक्षक, आरमोरी

उत्तर : अर्धंमुर्धं. जागतिक बँकेच्या 2021च्या ‘ग्राउंडस्वेल’ अहवालात 2050पर्यंत जगात 21 कोटी 60 लाखांपर्यंत माणसं हवामानामुळे आपल्याच देशात घर बदलतील, असा अंदाज आहे. आकडा मोठा आहे म्हणून तो सगळे उचलतात. ठोस पावलं उचलली तर हाच आकडा बराच खाली येईल असंही त्याच अहवालात म्हटलं आहे, ते कोणी उचलत नाही. आपल्या भागातून मिरचीला जाणारा माणूस हवामानाचं नाव घेत नाही. तो म्हणतो, धान निघाला, पुढे काम नाही. हवामान त्या वाक्यात लपलेलं असतं. धान कमी निघाला तर तो आठवडाभर आधी जातो, एवढंच.

ब्रिटिश सरकारने 2011मध्ये करवून घेतलेल्या एका मोठ्या अभ्यासात याची उलटी बाजू मांडली होती. ज्यांची स्थिती सर्वांत वाईट असते त्यांना जाणंही परवडत नाही आणि ते अडकून पडतात. वडशाच्या आसपास पाहा. एकटी म्हातारी, आजारी माणूस, लहान लेकरांची विधवा आई ही मिरचीच्या गाडीत चढत नाहीत. रोजगार हमीची फेब्रुवारीतली कामं यांच्यासाठी असायला हवीत आणि एप्रिलनंतरची परतणाऱ्यांसाठी.

प्रश्न : कोकणातही मुंबईला गेलेल्यांच्या जमिनी पडीत आहेत. आपली गत तशीच होणार का? — एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : तशीच होणार नाही, कारण कोकणाला आंबा-काजू मिळाला. 1990पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेत अनुदानावर कलमं लागली. कमी हातांत निभावणारं आणि चाकरमान्याला मुंबईत राहून सांभाळता येईल असं ते पीक होतं. वरकस उतार झाडाखाली आले, भातखाचरं मात्र बरीच ओस पडली. आपल्याकडे बांधी खोलगट, पाणी धरणारी. तिच्यात कलम जगत नाही. इथे कमी हातांचं पीक म्हणून मोह, बांबू आणि तलावातला मासा यांचा विचार व्हायला हवा. तिन्ही गोष्टी सामायिक जागेवर येतात, त्यामुळे वैयक्तिक अनुदानाची योजना इथे चालणार नाही. ग्रामसभेच्या हक्कानेच ते होईल. आणखी एक फरक : मुंबईचा चाकरमानी दर महिन्याला मनीऑर्डर पाठवायचा. मिरचीवाला वर्षातून एकदाच पैसा आणतो आणि तोही बहुतेक वेळा आधीच खर्च झालेला असतो.

प्रश्न : जाणाऱ्यांबद्दल सगळे लिहितात. आमच्या भागात बाहेरून आलेल्यांनी जमीन बदलली नाही का? — एक वाचक, अर्जुनी-मोरगाव

उत्तर : बदलली, आणि फार बदलली. ज्या तलावांबद्दल वर एवढं लिहिलं ते बांधणारे कोहळीच मुळात बाहेरून आले, असं परंपरा सांगते. गोंड राजांनी जंगल तोडून तलाव बांधणाऱ्याला जमीन दिली आणि काशीकडून आलेल्या या लोकांनी पाळी घातल्या, अशी ती कथा. कथेतला काशीचा भाग बाजूला ठेवला तरी नवख्या माणसाने पाणी अडवून धानाचा मुलूख तयार केला, हे तलाव पाहूनच कळतं.

नंतरच्या काळात पूर्व पाकिस्तानातून निर्वासित म्हणून आलेली बंगाली कुटुंबं मुलचेरा, चामोर्शी आणि तुमच्याच तालुक्यात वसवली गेली. मत्स्यशेती, भाजीपाला, उन्हाळी धान यांत त्यांचा हात बसलेला होता. आज त्यांची तळी पाहून आजूबाजूचे लोक शिकतात. उन्हाळी धानाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. एप्रिल-मेमध्ये बोअरवेल उपसून धान घेणं या उन्हाच्या मुलखात महागात पडेल. इटियाडोहच्या कालव्याचं पाणी मिळत असेल तिथली गोष्ट वेगळी. 1972मध्ये तुमच्या तालुक्यात प्रतापगडजवळ तिबेटी वसाहत झाली. थंड पठारावरची माणसं इथे धान लावायला शिकली आणि हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाऊ लागली. म्हणजे आलेलेही हंगामी जाणारे झाले.

आणखी एका स्थलांतराची नोंद करायला हवी. ऑक्टोबर 2021मध्ये छत्तीसगडच्या बाजूने रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. धानोरा, कुरखेडा, वडसा करत तो गोंदिया जिल्ह्यापर्यंत जाऊन आला. तिकडची जंगलं आक्रसली म्हणून ते निघाले, असं सांगतात. त्यांना पुंजण्यातला धान आवडला. त्यांच्या मागे पंचनामे, नुकसानभरपाईचे अर्ज, आणि जंगलालगत धान ठेवायचा की नाही हा नवा प्रश्न आला. काही शेतकरी आता मळणी उरकून धान लगेच घरी आणतात. त्यासाठी हार्वेस्टर लागतो, आणि हार्वेस्टर आला की लाखोळीचं काय होतं ते वर लिहिलंच आहे.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम आणि मिरचीचा हंगाम एकच. मग नाटकं बघतं कोण? — एक नाट्यरसिक, वडसा

उत्तर : वडशाच्या नाट्य कंपन्यांच्या कचेऱ्यांतच हे विचारायला हवं, त्यांच्याकडे तारखांच्या वह्या असतात. हंगाम दिवाळीनंतरच्या मंडईपासून होळीपर्यंत चालतो आणि धानाचा पैसा हातात असतो तोवर तिकीट खपतं. ज्या गावांची माणसं संक्रांतीनंतर जातात ती गावं मंडईच्या दिवसांत, म्हणजे आधीच नाटक ठेवतात. वह्यांवरून गावागणिक तारखा काढल्या तर कोणतं गाव केव्हा रिकामं होतं याचा नकाशा तयार होईल. रोजगार हमीचा आराखडा करणाऱ्यांनी एकदा तो मागून पाहावा.